तळघराच्या जमिनीतले तोंड

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी आमचे गाव आहे आणि गावठाणाच्या चढावर आमचे जुने धाब्याचे घर आहे. या घराच्या तळघरात गेल्या पावसाळ्यात शहाबादी फरशीखाली एक गोल पोकळी उघडी पडली. ती कशाची, किती खोल, कोणी आणि कशासाठी केलेली, हे घरातल्या हयात माणसांपैकी कोणालाही सांगता येत नव्हते. खानदेशात गावठाणातल्या जुन्या घरांखाली असे काही निघणे नवलाचे नाही. मात्र निघाल्याबरोबर लोक त्यात घाईने उतरतात, नाहीतर घाईने राडारोडा टाकून ते बुजवतात. या दोन्ही गोष्टी करण्याआधी काय पाहावे आणि ते कसे पाहावे, याचा आम्हाला आलेला अनुभव मी येथे सविस्तर मांडत आहे.

तळघरात उत्तरेच्या भिंतीजवळची एक फरशी एका कडेने बोटभर खचली होती. ती पहारीने अलगद उचलली, तेव्हा खाली चुन्याचा पातळ थर, त्याखाली वीतभर माती आणि त्या मातीच्या कडेला सरळ काळोख दिसला. शेजारच्या फरश्या मी पोकळीच्या बाजूने न काढता भिंतीच्या बाजूने काढत गेलो, आणि काढताना जमिनीवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसलो, म्हणजे वजन एका जागी पडणार नव्हते. माती बाजूला झाल्यावर घडीव दगडांचे एक कडे दिसले. आतला व्यास सव्वादोन फूट होता आणि दगडांच्या आतल्या कडेला चहूबाजूंनी अंगठ्याएवढी खाच कोरलेली होती. त्या खाचेत कुजलेल्या लाकडाचे तंतू अजून अडकलेले होते. बोटात धरले की त्यांचा भुगा होत होता. आतून ओल्या लाकडाचा आणि बुरशीचा कोंदट वास येत होता. बॅटरीच्या उजेडात तळ नीट दिसला नाही.

त्या दिवशी एवढ्यावरच थांबलो. तोंडावर जाड फळ्या टाकल्या, त्यांच्यावर बाज उपडी घातली, तळघराच्या दाराला कुलूप लावले आणि घरातल्या मुलांना कारण समजावून सांगितले.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत ओट्यावर माणसे जमली आणि प्रत्येकाने आपापला तर्क सांगितला. घुशीने पोखरले असेल, हा सर्वांत साधा तर्क होता. परंतु घूस बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग टाकते आणि तिचे बीळ वाकडेतिकडे जाते. येथे तसा ढीग नव्हता आणि घडीव दगडाचे कडे घूस बसवत नाही. कोणी म्हणाले, हा जुना आड असेल. आडाच्या काठावर दोराने घासून पडलेल्या खोबणी असतात, त्या येथे नव्हत्या. शिवाय गावठाण नदीपात्रापासून बरेच उंच असल्याने येथे पाणी लागायचे तर आड फार खोल न्यावा लागला असता, आणि तळघरात रहाट बांधायलाही जागा नाही. सांडपाण्याचा शोषखड्डा म्हणावा, तर त्यात दगडगोटे भरलेले असतात आणि त्याच्याकडे येणारी मोरीची वाट असते. ती कोठेच दिसली नाही.

सर्वांत लोकप्रिय तर्क भुयाराचा होता. आमच्याकडे कोणत्याही जुन्या घरातल्या अंधाऱ्या जागेपासून पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यापर्यंत भुयार जाते, असे सांगण्याची रीतच आहे. परंतु एवढ्या अंतराचे भुयार या गाळाच्या जमिनीतून, मधले नाले ओलांडून, आतून दगडी बांधणी न करता टिकणे शक्य नाही, आणि अशी बांधणी कोणी केली असती तर तिचे अवशेष वाटेत विहिरी खणणाऱ्यांना लागले असते. भुयाराच्या मागोमाग गुप्तधनाची गोष्ट येते. एक गृहस्थ तर जाणकार माणूस आणून विधी करून घेण्याविषयी सुचवू लागले. त्यांना मी स्पष्ट नकार दिला आणि दोन गोष्टी समजावून सांगितल्या: गुप्तधन शोधण्याच्या निमित्ताने केलेले अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरतात; आणि जमिनीत पुरलेले मोलाचे काही खरोखर सापडलेच, तर 1878 च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, कारण त्या कायद्यातली मर्यादा अवघ्या 10 रुपयांची आहे. हे ऐकल्यावर ओट्यावरची गर्दी बरीच पांगली.

खरा धागा आत्याकडून मिळाला. आत्या लग्न होऊन चोपड्याला गेली त्याला आता साठ वर्षे होत आली, तिला फोनवर दगडाच्या कड्याचे आणि खाचेचे वर्णन सांगितले, तेव्हा तिने क्षणाचाही विचार न करता अहिराणीत सांगितले, "ते पेव शे, भाऊ. तोंड उघडं ठेव, पन त्यामा लगेच उतरू नको." पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेली कोठी. तिच्या लहानपणी चैत्र-वैशाखात पेव उघडले जाई. आजोबा आधी झाकण काढून पेव दिवसभर उघडे ठेवत, मग दोराला कडुनिंबाचा मोठा डहाळा बांधून तो बराच वेळ वर-खाली करत, त्यानंतर कंदील सोडत आणि कंदील तळाशी जळत राहिला तरच गड्याला उतरू देत. एका वर्षी कंदील अर्ध्यावर विझला आणि आजोबांनी त्या दिवशी कोणालाही आत जाऊ दिले नाही, हे तिला स्पष्ट आठवत होते.

आत्याची साक्ष मला मोलाची वाटली. तरीही साठाहून अधिक वर्षांपूर्वीच्या आठवणीवर विसंबून घराच्या पायाजवळच्या पोकळीचा निर्णय करणे मला योग्य वाटले नाही. ते पेव असेल तर तशा खुणा आत सापडायला हव्या होत्या. त्या पाहायच्या तर कोणीतरी उतरायला हवे, आणि उतरायचे तर आधी आतली हवा तपासायला हवी.

या हवेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माणसे दगावतात ती येथेच. पेवात भरलेले धान्य जिवंत असते. ते आणि त्याच्यावरची बुरशी व किडे कोंडलेल्या हवेतला प्राणवायू वापरतात आणि कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडतात. प्राणवायू संपत आला की किडे मरतात, आणि म्हणूनच औषध न घालता ज्वारी पेवात वर्षानुवर्षे टिकत असे. जे धान्याला तारते, तेच माणसाला मारते. पेव रिकामे असले तरी कुजणारे लाकूड, कडबा आणि ओली माती हेच काम करत राहतात. कर्बवायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो तळाशी साचून राहतो, त्याला रंग नाही आणि सांगण्यासारखा वास नाही. हवेतले त्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले, तर माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपून पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याच्या मागे तिसरा. विहिरी, पेवे आणि शौचालयाच्या टाक्या यांतल्या अपघातांत एकाच घरातली दोन-तीन माणसे जातात, ती याच कारणाने.

जुन्या लोकांची कंदिलाची परीक्षा निराधार नव्हती. हवेतला प्राणवायू सुमारे 21 टक्क्यांवरून 16-17 टक्क्यांपर्यंत उतरला की साधी ज्योत विझते. परंतु आजच्या गावात ही परीक्षा पुरेशी नाही, आणि कधी कधी ती धोक्याचीही ठरते. शेजारच्या शौचालयाचे किंवा गटाराचे पाणी जमिनीतून झिरपत आले असेल, तर पोकळीत पेट घेणारा वायू साचलेला असू शकतो, तेथे उघडी ज्योत सोडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. आणि कुजलेल्या मैल्यातून निघणारा विषारी वायू ज्योत विझवण्याइतका नसतानाही माणसाला पुरेसा होतो.

माझा मावसभाऊ जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात काम करतो. तो सुट्टीच्या दिवशी चार वायू मोजणारे हातात मावेल एवढे यंत्र, कमरेला व खांद्याला बांधायचा पट्ट्यांचा साज आणि दोर घेऊन आला. यंत्र दोराला बांधून थोडे थोडे खाली सोडायचे, प्रत्येक टप्प्यावर दोन मिनिटे थांबायचे आणि वर काढून त्याने नोंदवलेला सर्वांत कमी आकडा वाचायचा, अशी त्याची पद्धत होती. तोंडाशी प्राणवायू 20.8 टक्के होता, मध्यावर 18.6 आणि तळाशी 16.4. साडेएकोणीस टक्क्यांखाली यंत्र गजर करते, त्यामुळे अर्ध्या वाटेपासूनच त्याचा आवाज वर ऐकू येत होता. पेट घेणारा व विषारी वायू मात्र आढळला नाही.

येथे मावसभावाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली, ती अशा यंत्रावर विसंबणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. हे चार वायूंचे यंत्र बहुधा कर्बवायू मोजत नाही. बाहेरून आलेला पाच टक्के कर्बवायू हवेत नुसता मिसळला, तर प्राणवायू 20.9 वरून जेमतेम 19.9 वर येतो. यंत्र गजर करत नाही, पण पाच टक्के कर्बवायूत माणसाला धाप लागते, डोके दुखू लागते आणि भोवळ येते. आमच्या पेवात प्राणवायू खर्च होऊनच कर्बवायू तयार होत होता, म्हणून आकडा एवढा खाली गेला आणि धोका दिसला. म्हणूनच नुसता गजर झाला नाही, एवढ्या आधारावर उतरायचे नाही. आकडा बाहेरच्या हवेइतका होईपर्यंत थांबायचे, असा त्याचा आग्रह होता.

मोठ्या पंख्याला प्लास्टिकचा रुंद नळा जोडून त्याचे टोक तळापर्यंत सोडले आणि बाहेरची ताजी हवा रात्रभर आत ढकलली. सकाळी तळाशी 20.8 टक्के मिळाले. पंखा बंद करून काही तास थांबलो, तेव्हा आकडा पुन्हा 20.1 वर आला, म्हणजे आत कुजण्याची क्रिया चालूच होती. म्हणून पंखा अखंड चालू ठेवून, साज घालून, यंत्र गळ्यात अडकवून मावसभाऊ उतरला. दोर तळघराच्या तुळईवरून घेतला होता आणि वर दोर धरायला तीन माणसे होती. वीज गेली तर त्याने तत्क्षणी वर यायचे आणि वरच्यांपैकी कोणीही काहीही झाले तरी खाली उतरायचे नाही, दोरच ओढायचा, हे आधी दोनदा बोलून घेतले होते.

त्याने आतून दिलेली मापे आणि काढलेली छायाचित्रे यांवरून पोकळीचा आकार स्पष्ट झाला. तोंडाखाली अडीच फूट सरळ गळा, मग चहूबाजूंनी रुंदावत जाणारे खांदे, त्याखाली आठ फूट व्यासाचे पोट आणि किंचित खोलगट तळ. एकूण खोली साडेअकरा फूट. घागरीसारखा हा आकार धान्याच्या पेवाचाच असतो, कारण तोंड लहान असले की झाकण लिंपून हवाबंद करता येते आणि पोट मोठे असले की माल जास्त मावतो. गळ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर पाऊल मावेल एवढ्या खोबण्या कोरलेल्या होत्या. उतरणारा माणूस एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून खाली जात असे.

खरी ओळख भिंतीने पटवली. मावसभावाने भिंतीचा पोपडा सुटलेला एक तुकडा वर आणला, तो मी दारातल्या उजेडात बराच वेळ पाहिला. बाहेरची बाजू पिवळ्या मातीची, तिच्यावर विटेसारखा तांबूस भाजलेला पातळ थर, त्यावर काजळी आणि काजळीवर शेणामातीचा हात फिरवलेला लेप. लेपावर चार बोटांचे ओरखडे जसेच्या तसे उमटलेले होते आणि त्या ओरखड्यांत ज्वारीच्या दाण्यांवरची टोपणे रुतून बसली होती. काही टोपणे काळी पडली होती, काहींची चकाकी अजून टिकून होती. पेव नवे खणले की त्यात पालापाचोळा आणि गोवऱ्या पेटवून भिंती भाजून घेत, म्हणजे माती कोरडी व टणक होई, मग लिंपत, आणि भरताना तळाला व कडेने कडबा व तूस घालत, म्हणजे जमिनीची ओल थेट दाण्याला लागत नसे. आमच्या गल्लीतले वयोवृद्ध जिभाऊ यांनी तो तुकडा हातात घेतला आणि कडेची ज्वारी तरीही काळी पडत असे, तिला उग्र वास येत असे आणि ती गुरांना घालावी लागे, असे सांगितले. पेवातली ज्वारी बियाण्याला कधी वापरत नसत, बियाणे वेगळे मडक्यात राखेत ठेवत, हेही त्यांच्याकडूनच कळले.

जागेची निवडही मला विचार करण्यासारखी वाटली. शेतातली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; तिच्यात पेव टिकणार नाही. गावे पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या फिकट मातीच्या जमिनीवर, वसली आणि पेवे पांढरीखालच्या घट्ट, चुनखडी मिसळलेल्या पिवळ्या गाळात खणली गेली, जेथे पावसाचे पाणी थांबत नाही. आमच्या पूर्वजांनी तर ते तळघरात खणले, म्हणजे वर छप्पर होतेच आणि चोराला घरातून गेल्याशिवाय तोंड सापडणार नव्हते. मापांवरून हिशेब केला, तर आत सुमारे 400 घनफूट जागा भरते. एवढ्या जागेत अंदाजे 80 क्विंटल ज्वारी मावते. एका मोठ्या एकत्र कुटुंबाला दोन-तीन वर्षे पुरून उरेल एवढे हे धान्य आहे. ज्या मुलखाने 1876 ते 1878 चा आणि पुन्हा 1899-1900 चा दुष्काळ पाहिला, त्या मुलखात घराखाली एवढी बेगमी असणे म्हणजे काय, हे आकडा मांडल्यावर मला खऱ्या अर्थाने कळले.

मग ते बंद का पडले? आत्याच्या आणि जिभाऊंच्या सांगण्यावरून आमच्याकडे 1972 च्या दुष्काळाच्या आधीच पेव भरणे थांबले होते. त्या दुष्काळात घरातली माणसे परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीसाठी रांगेत उभी होती. कारणे एकाहून अधिक असावीत. सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचे पहिले वाण 1964 साली आले. संकरित ज्वारी लवकर तयार होते, पण ऐन पावसात कणसात आल्यामुळे तिच्या दाण्यावर बुरशी धरते, आणि असा दाणा पेवात भरला तर सगळा माल नासतो. त्यातच आमच्या शेतात कापूस वाढला, रेशनचे धान्य मिळू लागले आणि वाटण्या होऊन घरे लहान झाली. पेवाच्या लाकडी झाकणावर माती टाकून वडिलांच्या तरुणपणी फरशी घातली गेली. ज्यांनी ती घातली त्यांना खाली काय आहे हे अर्थातच ठाऊक होते, म्हणून त्यांनी कोठे लिहून ठेवले नाही.

ते काय आहे हे कळले, तरी ते आत्ताच का उघडे पडले, हा प्रश्न मला जास्त निकडीचा वाटत होता. सागाची फळी पन्नास-साठ वर्षे कोरड्या मातीखाली टिकली आणि मग अचानक कुजली, याला कारण हवे. तळाशी बरोबर तोंडाच्या खाली ओल्या मातीचा शंकू साचलेला होता, म्हणजे माती पाण्याबरोबर वरून वाहत आली होती. तळघराच्या उत्तर भिंतीला गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत ओल होती आणि भिंतीच्या पलीकडे मोरी व नळाचा स्टँड होता. नळाची जोडणी गावाच्या मुख्य वाहिनीपाशी बंद करून घेतली, काही दिवस पाणी बाहेरून आणले, तेव्हा भर पावसाळ्यात ओलीची रेषा खाली सरकू लागली. भिंतीच्या बाहेर खणल्यावर प्लास्टिकच्या पाइपाचा सांधा गळताना सापडला. पाणी भिंतीखालून येऊन झाकणावरच्या मातीत मुरत होते, फळी कुजली आणि माती आत पडू लागली. हा सांधा दुरुस्त केल्याशिवाय वरचे कोणतेही काम करणे व्यर्थ गेले असते.

याच काळात मी कागद शोधत होतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घराचे क्षेत्रफळ आणि कर आहे, तळघराचा उल्लेखही नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने झालेल्या मोजणीचा नकाशा वरून पाहिलेल्या छपरांचा असतो. उपयोगी पडले ते आप्पांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, ट्रंकेत निघालेले मोडी वाटणीपत्र. धुळ्याच्या एका मोडी जाणकारांनी ते वाचून दिले. त्यावर शके 1811, म्हणजे 1889-90 साल आहे, आणि घराच्या वर्णनात तळघराबरोबर दोन पेवांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आम्हाला एकच सापडले होते. पूर्वी सलग असलेल्या तळघरात आजोबांच्या काळी मधोमध भिंत घातली गेली आणि पलीकडचा भाग चुलतभावाकडे आहे. त्याने तेथे सिमेंटचा कोबा केला आहे आणि सोयाबीनची पोती रचतो. मी त्याला कागद वाचून दाखवला. त्याने लगेच पोती हलवली, तेव्हा कोब्यावर कमानीसारखी वळलेली एक बारीक चीर दिसली. पहिल्या पेवाचा मध्य उत्तर भिंतीपासून पाच फुटांवर आणि खणाच्या बरोबर मधोमध होता. तेच माप पलीकडे धरले, तर बिंदू त्या चिरेच्या आतच येत होता. तेथे ड्रिलने बोटभर छिद्र पाडून लोखंडी सळई खाली सोडली. कोबा संपल्यावर सळई हाताच्या जोराने सहज नऊ फूट खाली गेली आणि वर काढल्यावर तिला राख, कोळशाची बारीक खडी आणि विटेचा चुरा चिकटलेला होता. पाच फूट अलीकडे तसेच दुसरे छिद्र पाडले, तेथे सळई फूटभर गेल्यावर टणक पिवळ्या मातीत अडली. दुसरे पेव होते. ते चुलीची राख आणि पडझडीची माती टाकून वर्षानुवर्षे भरले गेले होते, पण कोणी ठोकून भरले नसल्यामुळे ते आतल्या आत बसत चालले होते. आत्याला विचारल्यावर राख तळघरात टाकत असल्याचे तिलाही आठवले.

यानंतर अमळनेरच्या एका अनुभवी स्थापत्य अभियंत्यांना बोलावले. माझ्या मनात पहिले पेव राखावे, तोंडावर जाड काच बसवून मुलांना दाखवावे, असे होते, आणि अजूनही कोणाच्या अंगणातले पेव असेल तर त्याने ते राखावे असे मला मनापासून वाटते. परंतु आमच्या पेवाचे पोट उत्तरेच्या भिंतीच्या पायापर्यंत पोहोचत होते, वर धाब्याचे मातीचे ओझे होते आणि गळतीच्या पाण्याने खांद्याची माती एका बाजूने सुटू लागली होती. अभियंत्यांनी भरावाचाच सल्ला दिला आणि तो मी मान्य केला. बुजवण्याआधी आम्ही छेदचित्र काढले, दगडी कडे, खाच आणि खोबण्या यांची छायाचित्रे घेतली आणि भिंतीचे दोन पोपडे काचेच्या बरणीत ठेवले.

भरावासाठी शेतातली काळी माती घेण्याचा मोह सर्वांना होतो, कारण ती फुकट मिळते; ती फुगते आणि आक्रसते, म्हणून ती भिंतीलगत घालायची नाही. आम्ही मुरूम आणला. 400 घनफूट म्हणजे हिशेबाने चार ब्रास, पण ठोकल्यावर मुरूम दबतो म्हणून पाच ब्रास लागला. आधी तळातला चिखल व कुजके लाकूड घमेल्यांनी वर काढले, मग वीतभर थर टाकायचा, थोडेसे पाणी शिंपडायचे आणि धुम्मसने ठोकायचे, असे थर वर आणले. मजूर आत असेपर्यंत पंखा आणि यंत्र एक क्षणही बंद केले नाही, आणि कंत्राटदाराला हे फार जाच वाटत असले तरी त्यावर मी तडजोड केली नाही. खांद्याखालची जागा मात्र ठोकून भरता येत नाही, कारण तेथे माणूस उभा राहू शकत नाही आणि कडेला पोकळी राहून जाते. म्हणून शेवटचे अडीच-तीन फूट आणि गळा कमी सिमेंटच्या पातळसर काँक्रीटने भरला आणि लांब सळईने ठोसत ते सर्व कडांपर्यंत पोहोचवले. दगडी कडे जागेवरच ठेवले असून फरशी त्याच्या भोवतीने लावली आहे.

चुलतभावाकडच्या पेवातली राख पूर्ण उपसायची तर त्याचा खर्च आणि धोका दोन्ही वाढले असते. तेथे कोबा फोडून वरची तीन फूट राख काढली, तेवढा भाग मुरमाने ठोकून भरला आणि तोंडाच्या चारही बाजूंना दीड-दीड फूट टणक मातीवर टेकेल असा सहा इंच जाडीचा सळयांचा स्लॅब टाकला. सोयाबीनची पोती आता दुसऱ्या भिंतीला रचली जातात.

दोन्ही पेवांची भिंतीपासूनची अंतरे, खोली, भरावाचा प्रकार आणि पाइपाची बदललेली वाट दाखवणारा घराचा आराखडा अभियंत्यांकडून काढून घेतला आहे. त्याची एक प्रत माझ्या कागदपत्रांत, एक चुलतभावाकडे आणि एक मोडी वाटणीपत्राच्या घडीत ठेवली आहे.